ई-पुस्तकांचा मालक कोण?

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दिलेली गीता-प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली, म्हणूनच ती आज आपल्या हाती आहेत. बहिणाबाईंची गाणीही चिरंजीव सोपानदेवांच्या दक्षतेमुळेच १९५२ मध्ये ग्रंथरूप झाली. शब्द टिकतो तो जपणाऱ्याच्या हातांनी. खानदेशाचा हा धडा ई-पुस्तकांच्या काळातही गिरवावा लागेल.

मोबाइल, संगणक आणि किंडल यांवर विखुरलेला ग्रंथसंग्रह आता जळगाव-धुळ्यातही नवलाचा राहिलेला नाही. परंतु छापील पुस्तक विकत घेतले की आपले होते. ई-पुस्तकाच्या बाबतीत आपण बहुधा केवळ वाचनाचा परवाना घेतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले. पुस्तके मात्र गेली. साधन बदलावे तर संग्रह सोडावा लागतो, ही ग्राहकाला बांधून ठेवणारी मक्तेदारीच होय.

यावर उपाय अवघड नाही. शक्य तेथे पुस्तक कुलूपरहित ‘ईपब’ या खुल्या स्वरूपात घ्यावे. त्यातील मजकूर लहानमोठ्या पडद्यानुसार जुळतो. पीडीएफचे पान मात्र मोबाइलवर वाचवत नाही. ‘कॅलिबर’ या विनामूल्य प्रणालीने संग्रहाची सूची करता येते व स्वरूपही बदलता येते. प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

महाविद्यालयीन ग्रंथालयांनी तर करारावर सही करण्यापूर्वीच विचारावे, की वर्गणी संपल्यावर आमच्यापाशी काय उरणार? त्याचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर ती ग्रंथखरेदी नसून निव्वळ भाडे आहे, आणि तो खर्च त्याच नावाने मांडला गेला पाहिजे.