वॉटफोर पुन्हा चालता करा

प्रति,
कुलगुरू आणि ग्रंथालयप्रमुख,
वॉटर्लू विद्यापीठ, ऑन्टारिओ, कॅनडा



१९६५च्या उन्हाळ्यात आपल्या विद्यापीठातल्या गस जर्मन, जेम्स मिचेल, रिचर्ड शर्ली आणि रॉबर्ट झार्न्के या चार विद्यार्थ्यांनी पीटर शँट्झ यांच्या मार्गदर्शनाखाली आयबीएम ७०४० संगणकासाठी फोरट्रानचा एक कंपायलर लिहिला. प्रा. वेस ग्रॅहॅम त्यांच्या पाठीशी होते. तोच वॉटफोर. पुढे आयबीएम ३६०वर त्याची नवी आवृत्ती आली आणि मग वॉटफाइव्ह. अनेक देशांतले विद्यार्थी या कंपायलरांवर प्रोग्रामिंग शिकले. मी महाराष्ट्रात हाच विषय शिकवतो, म्हणून ही विनंती: हा वारसा नुसता कपाटात ठेवू नका, चालता ठेवा.

वॉटफोरच्या मुळाशी शिकणाऱ्याची नेमकी जाण होती. इंजिनिअरचा प्रोग्राम एकदा कंपाइल होतो आणि वर्षभर चालतो. विद्यार्थ्याचा प्रोग्राम पुन्हापुन्हा कंपाइल होतो आणि एकदा बरोबर चालला की त्याचं काम संपतं. म्हणून वॉटफोरने कंपाइल करण्याच्या वेगावर भर दिला. लिंकिंगची वेगळी पायरी काढून टाकली आणि व्याकरण बिनचूक असेल तर प्रोग्राम लगेच चालवला. आणि चूक झालीच, तर ती कुठे आणि कसली हे विद्यार्थ्याला समजेल असं सांगितलं.

त्यातली एक युक्ती मला फार मोलाची वाटते. व्हेरिएबलला किंमत न देताच ते वापरणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. ती पकडण्यासाठी ७०४०वरच्या वॉटफोरने किंमत न मिळालेल्या व्हेरिएबलांच्या मेमरीतल्या जागांची पॅरिटी, म्हणजे साठवलेल्या माहितीतली चूक ओळखणारी खूण, मुद्दाम बिघडवून ठेवली. प्रोग्रामने अशी जागा वाचली की यंत्र स्वतःच थांबे आणि चूक विद्यार्थ्याला कळे. दर वेळी वेगळी तपासणी करण्याचा खर्चच उरला नाही.

जतनाची खरी अडचण इथेच आहे. सोर्स कोड सांभाळला, पण जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये पॅरिटीच नसेल, तर वॉटफोर बरोबर प्रोग्राम चालवील आणि ही चूक असलेल्या प्रोग्रामपुढे गप्प बसेल. म्हणजे त्याच्यातला शिक्षकच गेलेला असेल.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. आपल्याकडे आणि इतरत्र उरलेला सोर्स कोड, टेप आणि मॅन्युअल एकत्र करून ते अभ्यासासाठी मुक्त परवान्याने खुले करावेत. ३६० घराण्यातले प्रोग्राम आज हर्क्युलिस या मुक्त एम्युलेटरमुळे साध्या लॅपटॉपवर चालतात. ७०४०च्या आवृत्तीसाठीही पॅरिटीसकट तशी सोय उभारावी. आणि विद्यार्थ्यांचे जुने चुकलेले प्रोग्राम, त्यांवर छापून आलेल्या संदेशांसह, नावं वगळून जपावेत. कंपायलर खरोखर पुन्हा जिवंत झाला का, याची कसोटी त्या चुकाच घेतील.

वॉटफोरच्या काळात विद्यार्थी असलेली पिढी आज ऐंशीच्या आसपास आहे. अमुक निर्णय का घेतला, हे कोडमध्ये लिहिलेलं नसतं. ते त्या माणसांनाच विचारावं लागेल. त्यामुळे मुलाखतींचं काम आधी हाती घ्या, बाकीचं त्यामागून येऊ द्या.

आज कंपायलर लिहायला शिकणाऱ्या मुलांना वेगवान कोड काढणारी उदाहरणं पुष्कळ मिळतात. शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवून लिहिलेला कंपायलर मात्र त्यांना क्वचितच पाहायला मिळतो. आपण तो त्यांच्या हाती देऊ शकता. कृपया द्या.

आपला,
प्रोग्रामिंगचा एक शिक्षक