उताराचे पाणी

आम्ही वाईकर पाण्याच्या बाबतीत अंमळ गर्विष्ठच! कृष्णा दाराशी, वर धोमचे धरण. गेल्या मे महिन्यात मात्र माझा हा तोरा पार उतरला.

माझा एक जुना विद्यार्थी ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या एका ठाकूरपाड्यावर शिक्षक आहे. त्याच्याकडे दोन दिवस राहिलो. पाऊस इथे शंभर इंचांच्या आसपास. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यातली. तानसाचे तर १८९२ पासून उताराने, आपल्या पायांनी मुंबईला जाते!

सकाळी ओढ्यावर गेलो. ओढा कसला, नुसता पाषाण! तळाशी खरवडलेला हातभर झिरा. एक आजीबाई करवंटीने पाणी घेऊन, फडक्यातून गाळून हंड्यात ओतीत होत्या. करवंटी भरायची, थांबायचे, पुन्हा भरायची. हंड्याला अर्धा तास लागला, आणि पाणी गढूळ ते गढूळच. पहिल्या पावसात वरची घाण झिऱ्यात उतरते नि पाड्यावर हगवण लागते, असे विद्यार्थी म्हणाला.

"आजी, पाऊस तर इतका पडतो!" मी वर्गातल्या थाटात म्हणालो.

"पडतो की. पन थांबतो कुठं?"

भूगोलाचे सारे प्रकरण एवढ्यात आले. काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही, उतारावरून निघून जाते. हंडा मी घेतो म्हटले. शंभर पावलांत मान लचकली. आजीबाईंनी हसून तो परत डोक्यावर घेतला.

येताना मुंबईला बहिणीकडे उतरलो. भाचा नळ सोडून दाढी करीत होता. मी नळ बंद केला.

"मामा, पाणीपट्टी भरतो आम्ही!"

खरेच आहे. महानगरात माणशी रोज १५० लिटरांचा हिशेब धरतात. २०१९ च्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला ५५ लिटर ठरवले. ठरवले, म्हणजे नळ आला आणि नळाला पाणी आले तर! इगतपुरीकडच्या भावली धरणातून शहापूरच्या गावपाड्यांना उतारानेच पाणी आणण्याची योजनाही आखली गेली. उतार पाड्यांच्याही बाजूचा असू शकतो, हे कागदावर तरी सुचले म्हणायचे.

हे सारे भाच्याला सांगितले. तो साबणाच्या तोंडाने ऐकत राहिला. मग म्हणाला, "ते ठीक, पण आता नळ सोडू का? फेस वाळतोय."

बहिणीने मुकाट्याने तांब्या भरून त्याच्यापुढे ठेवला.