विश्लेषण : मिक्सर ओढणाऱ्या पिकअपला हौदा किती लांब हवा?

स्लॅबच्या दिवशी पहाटे गावोगावी हेच दृश्य दिसते. पिकअपच्या हौद्यात सेंट्रिंगच्या प्लेटा आणि बांबू, त्यावर बसलेले मजूर आणि मागे हुकाला लावलेला काँक्रीट मिक्सर. नवी गाडी घेताना ठेकेदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘हौदा किती फुटांपर्यंत वाढेल?’ पण ओढकाम करणाऱ्या गाडीबाबत हा प्रश्नच अपुरा आहे. हौदा एकूण किती फुटांचा, यापेक्षा तो मागच्या ॲक्सलच्या मागे किती जातो, हे महत्त्वाचे.

हौदा वाढवल्याने काय बिघडते?

मागचा ॲक्सल म्हणजे तराजूचा टेकू. त्याच्या मागे पडणारे वजन पुढची चाके उचलू पाहते. हौदा मागे वाढला की हूकही मागे सरकतो. समजा, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, ३ मीटर आहे आणि हुकावर मिक्सरचा १५० किलो भार येतो. हूक ॲक्सलच्या १ मीटर मागे असेल, तर पुढच्या चाकांवरचा भार ५० किलोने घटतो आणि मागे २०० किलो वाढतो. हूक दीड मीटर मागे गेला, तर हेच आकडे ७५ आणि २२५ होतात. मिक्सर तोच, पण स्टिअरिंग हलके आणि पुढच्या चाकांची पकड कमी. त्यात मिक्सरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर तो गाडीला मागून ढकलतो, तेव्हा हीच पकड कामी येते.

हूक हौद्याखाली आतच ठेवला तर?

तर मागे घेताना किंवा अरुंद गल्लीत वळताना हौद्याचा कोपरा मिक्सरच्या दांड्यावर आदळू शकतो. शिवाय लांब शेपूट वळणावर बाहेर फेकले जाते आणि शेजारच्या दुचाकीस्वाराला लागते.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९३ नुसार दोन ॲक्सलच्या गाडीचा मागचा बाहेर आलेला भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांहून अधिक नसावा. ३ मीटर व्हीलबेसला ही मर्यादा १.८ मीटर. नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. माल हौद्याबाहेर गेला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार रुपये आहे. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही वाढवलेला हौदा अडचणीचा ठरू शकतो.

मग लांबी ठरवायची कशी?

रोज लागणाऱ्या सामानावरून. सळई साधारण १२ मीटरची असते, ती कुठल्याच पिकअपमध्ये सरळ मावत नाही. तिच्यासाठी हौदा वाढवण्यापेक्षा त्या दिवशी ट्रक भाड्याने घ्यावा. लांब हौदा रोजच लागत असेल, तर लांब व्हीलबेसची गाडी घ्यावी, आखूड गाडीला शेपूट जोडू नये. वाढीव हौद्याचे लोखंडही गाडीच्या मंजूर वजनातच मोजले जाते आणि हुकावरचा भारही. म्हणजे जागा वाढते, पण कायदेशीर माल कमी होतो. गाडी भरून, मिक्सर जोडून एकदा वजनकाट्यावर न्यावी आणि फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत. रिकाम्या गाडीपेक्षा आकडा बराच घटला असेल, तर माल पुढे सरकवावा किंवा कमी करावा.

बॉडी बांधणाऱ्याने हौद्याचे वजन आणि मागच्या भागाची लांबी लेखी द्यावी, तसेच फिटनेस तपासणीत ती टेपने मोजली जावी, एवढी मागणी रास्त आहे. मालाच्या गाडीत मजूर बसवणे मुळातच चूक. पण ते आज बसतात, हे वास्तव आहे. हौद्याच्या दोन वाढीव फुटांची किंमत आधी त्यांनाच मोजावी लागते.