विशीतल्या फुप्फुसांचा सौदा

‘ओढणारा स्वतःच्या मर्जीने ओढतो, त्यात सरकारचा काय दोष?’ असा साळसूद प्रश्न तंबाखूच्या धंद्याचे कैवारी विचारीत असतात. या मर्जीची किंमत तरुण देह किती लवकर मोजू लागतो, हे १९७४ साली अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले. अकस्मात मृत्यू पावलेल्या, चाळिशीच्या आतील पुरुषांची फुप्फुसे त्यांनी तपासली. धूम्रपान करणाऱ्यांच्या सूक्ष्म श्वासनलिकांत दाह आढळला. तपकिरी भक्षक पेशींचे पुंजके तेथे साचले होते. धुराने जमलेल्या अशा पेशींतून स्रवणारी द्रव्ये फुप्फुसाचे लवचिक तंतू कुरतडतात. नष्ट झालेले वायुकोश पुन्हा उभे राहत नाहीत. दम लागू लागतो तो पुष्कळ वर्षांनी. तोवर निकोटिनने माणूस जखडलेला असतो. मग मर्जी उरते कोठे?

आता सरकारचा दोष पाहा. २००३ साली ज्या शासनाने सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी घातली, त्याच्याच मालकीचे आयुर्विमा महामंडळ देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे बडे भागधारक आहे. आयुष्याचा विमा उतरवायचा आणि आयुष्य जाळणाऱ्या धंद्याचा लाभांशही घ्यायचा, हा दुटप्पीपणा होय!

विडी वळणाऱ्या सोलापूरच्या भगिनींची भाकर पुढे करून या धंद्याचे समर्थन होते. त्यांना पर्यायी काम देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, कंपन्यांची ढाल होणे नव्हे.

धूम्रपान सोडल्यास फुप्फुसांच्या ऱ्हासाचा वेग मंदावतो. म्हणून कार्यकर्त्यांनी भागविक्रीची मागणी लावून धरावी आणि आरंभ आपल्याच बैठकीतील धूर थांबवून करावा.