शताब्दीचा विश्वचषक : खेळ जनतेचा, तिजोरी कोणाची?

फुटबॉलच्या विश्वचषक स्पर्धेला २०३० मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतात. शताब्दीची स्पर्धा त्या वर्षीच्या जून-जुलैत मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगाल या देशांत व्हावयाची असून, आरंभीचा एकेक सामना उरुग्वे, अर्जेंटिना आणि पॅराग्वे येथे होणार आहे. ११ डिसेंबर २०२४ रोजी ‘फिफा’ने हा निर्णय केला आणि त्याच बैठकीत २०३४ ची स्पर्धा सौदी अरेबियाला बहाल केली. दोन्ही वेळा दुसरा दावेदारच नव्हता. केरळच्या खेड्यांत, कोलकात्याच्या मैदानांवर, गोव्यात, मणिपुरात आणि कोल्हापूरच्या तालमींत या स्पर्धेची वाट पाहणारे लाखो लोक मुख्यतः कष्टकरी आहेत. पक्षाचे असंख्य सभासद त्यांत आहेत. म्हणूनच या स्पर्धेकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न केवळ क्रीडापानाचा राहत नाही.

फुटबॉल म्हणजे जनतेला गुंगवणारी अफू होय, असे काही कार्यकर्त्यांस वाटते. हे मत उथळ आहे. खेळ आणि खेळाचा बाजार यांत ते फरक करीत नाही आणि इतिहासालाही सोडून जाते.

कामगारांनी घडविलेला खेळ

१९३० मध्ये पहिली स्पर्धा उरुग्वेत झाली. कामाच्या आठ तासांचा कायदा १९१५ मध्येच करणारा हा छोटासा देश होता. स्पर्धेत अवघे १३ संघ उतरले. जहाजाचा लांबचा प्रवास करून युरोपातून फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया हे चारच संघ आले. मॉन्टेव्हिडिओचे ‘सेंतेनारिओ’ मैदान मजुरांनी रात्रंदिवस पाळ्या करून काही महिन्यांत उभे केले, तरी पहिल्या सामन्यांपर्यंत ते पुरे झाले नव्हते. १३ जुलै रोजी विश्वचषकातील पहिला गोल करणारा फ्रान्सचा ल्युसियाँ लोराँ मोटार कारखान्यातील कामगार होता. विजेत्या उरुग्वेचा कर्णधार होझे नासाझी दगड घडविण्याचे काम करीत असे, आणि त्याच संघातील कृष्णवर्णीय खेळाडू होझे लेआंद्रो आंद्रादे याने पूर्वी बूटपॉलिश करून पोट भरले होते. ३० जुलै रोजी उरुग्वेने अर्जेंटिनाला ४-२ असे हरविले.

शताब्दी साजरी करताना या माणसांची आठवण किती काढली जाईल, हे पाहण्यासारखे ठरेल. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत फिफाचे उत्पन्न ७५० कोटी डॉलरच्या वर गेले. २०२६ च्या स्पर्धेसाठी संघ ३२ वरून ४८ आणि सामने ६४ वरून १०४ करण्यात आले. २०२५ मध्ये तर शताब्दीसाठी ६४ संघ घ्यावेत, अशी सूचना दक्षिण अमेरिकी महासंघाने मांडली. नव्या देशांना संधी मिळते, हे खरे. परंतु प्रत्येक वाढीव सामना हा प्रक्षेपणहक्कांचा आणि जाहिरातींचा वाढीव मालही असतो, हेही तितकेच खरे आहे.

मोरोक्कोचे दोन चेहरे

२०२२ मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा मोरोक्को हा पहिला आफ्रिकी देश ठरला. त्या संघातील २६ पैकी १४ खेळाडू परदेशात जन्मलेले होते. त्यांतील अनेक जण युरोपात मजुरीसाठी गेलेल्या कुटुंबांतील मुले होत. स्पेनविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारणारा अश्रफ हकिमी माद्रिदमध्येच जन्मला. त्याची आई लोकांच्या घरी साफसफाई करी आणि वडील रस्त्यावर फेरीचा धंदा करीत. विजयानंतर या खेळाडूंनी मैदानावर पॅलेस्टाईनचा ध्वज फडकविला, तेव्हा अरब आणि आफ्रिकी जनतेने त्यांना आपले मानले. २०३० मध्ये हा संघ स्वतःच्या भूमीवर खेळेल. त्याचा खेळ अवश्य पाहावा.

दुसरा चेहरा त्याच देशाच्या सत्ताधाऱ्यांचा आहे. कासाब्लांकाजवळ १,१५,००० आसनांचे मैदान बांधण्याची योजना राजेशाहीने हाती घेतली. ८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपात जवळजवळ तीन हजार माणसे दगावली होती, आणि घरे कोसळलेल्या डोंगरी गावांतील लोक पुढे दोन वर्षांनीही पुनर्वसनासाठी मोर्चे काढीत होते. २०२५ मध्ये अगादीरच्या सरकारी रुग्णालयात थोड्याच दिवसांत आठ बाळंतिणी दगावल्या. अगादीर हे स्पर्धेच्या सहा मोरोक्कन शहरांपैकी एक आहे. मैदाने उभी राहिली, मग रुग्णालये कुठे आहेत, असा सवाल करीत २७ सप्टेंबर २०२५ पासून हजारो तरुण रस्त्यावर आले. १ ऑक्टोबरच्या रात्री अगादीरनजीक सशस्त्र पोलिसांच्या गोळीबारात तिघे ठार झाले आणि पुढे शेकडो तरुणांवर खटले भरण्यात आले. त्याच महिन्यात सरकारला आरोग्य आणि शिक्षणासाठी १४,००० कोटी दिरहामची तरतूद जाहीर करावी लागली. ही राजाची कृपा नव्हे. लढ्याचे फळ आहे.

हे तरुण फुटबॉलचे शत्रू नाहीत. त्यांतील बहुतेकांचा जीव त्याच संघावर आहे. त्यांनी खेळाला विरोध केला नाही, खर्चाचा हिशेब मागितला. खेळप्रेम आणि वर्गजाणीव एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

पश्चिम सहाराचा प्रश्नही विसरता कामा नये. १९७५ पासून मोरोक्कोने त्या भूमीवर ताबा बसविला. भारताने १९८५ मध्ये सहारावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि २००० मध्ये ती काढून घेतली. स्पर्धेच्या झगमगाटात या जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क झाकला जाण्याचा धोका आहे.

भारतीय कामगारांचा संबंध

कतारने २०२२ ची स्पर्धा भरविली. फिफाने तिला ही स्पर्धा दिल्यानंतरच्या दहा वर्षांत तेथे दक्षिण आशियातील ६,५०० हून अधिक स्थलांतरित दगावले, असे लंडनच्या ‘गार्डियन’ दैनिकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत २,७११ भारतीय होते. हे सर्व मृत्यू मैदानांच्या कामावरचे नव्हते. परंतु कित्येकांची नोंद नुसती ‘नैसर्गिक’ अशी होऊन चौकशीच झाली नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. सौदी अरेबियात स्वतंत्र कामगार संघटनांना बंदी आहे. २०३४ च्या मैदानांवर केरळ, तेलंगण, उत्तर प्रदेश, बिहार आणि कोकणातले हात राबतील, हे उघड आहे. त्यांचे संरक्षण कोण करणार, हा प्रश्न भारत सरकारला आतापासूनच विचारला पाहिजे.

तेव्हा सामने पाहावेत आणि एकत्र बसून पाहावेत. भारतीय घड्याळ स्पेनच्या उन्हाळी वेळेपेक्षा साडेतीन तास पुढे असते. तेथील संध्याकाळचे सामने येथे रात्री उशिरा दिसतील. कामगार वस्त्यांत आणि युवक संघटनांच्या कार्यालयांत सामुदायिक प्रक्षेपणाची व्यवस्था व्हावी. जमलेल्या तरुणांपुढे अगादीरची हकिकत मांडावी, आखातात जाणाऱ्यांच्या हक्कांची माहिती द्यावी आणि बिल्डरांच्या घशात जाणारी आपापल्या शहरांतील मैदाने वाचविण्याची मागणी संघटित करावी. दगड घडविणाऱ्या कर्णधाराने उचललेला हा चषक मूठभर व्यापाऱ्यांची मालमत्ता नाही. तो ज्यांचा आहे त्यांच्या बाजूने उभे राहूनच पक्षाच्या सभासदांनी या शताब्दीचे स्वागत करावे.