एक न झालेली सही

जानेवारी १९८७. सोलमधले सरकारी वकील चोई ह्वान यांच्याकडे पोलीस रात्री एक कागद घेऊन आले. कोठडीत मेलेल्या एका विद्यार्थ्याचा मृतदेह ताबडतोब जाळायचा होता. हवी होती फक्त एक सही. चोई यांनी ती दिली नाही. आधी शवविच्छेदन, मग बाकीचं.

जांग जून-ह्वान यांचा ‘१९८७: व्हेन द डे कम्स’ हा २०१७ चा चित्रपट या नकारातून वेग घेतो. मेलेला मुलगा पार्क जोंग-छोल, सोल राष्ट्रीय विद्यापीठात भाषाशास्त्र शिकणारा. पोलिसांचं म्हणणं, टेबलावर हात आपटला आणि तो घाबरून मेला. खरं तर पाण्याच्या टबात त्याचं डोकं बुडवलं होतं. तपासायला बोलावलेल्या तरुण डॉक्टरनं खोलीत साचलेलं पाणी पाहिलं आणि ते पत्रकारांना सांगितलं. खऱ्या गुन्हेगारांची नावं तुरुंगात असलेल्या एका पत्रकाराला कळली. त्याच्या चिठ्ठ्या तुरुंगाच्या एका रक्षकानं बाहेर नेल्या. १८ मे रोजी म्योंगडोंगच्या कॅथेड्रलमध्ये धर्मगुरूंनी ते सगळं जाहीर केलं.

या चित्रपटाला नायक नाही, हे मला त्याचं सर्वांत मोठं धाडस वाटतं. एक माणूस येतो, आपल्या वाट्याचं काम करतो आणि पडद्यावरून निघून जातो. यातल्या बहुतेकांना एकमेकांची नावंही ठाऊक नसतात. तरीही श्वास रोखला जातो, कारण यातला एक जरी गप्प बसला असता तरी प्रकरण तिथेच दडपलं गेलं असतं. छुन दू-ह्वान यांच्या लष्करी राजवटीला बंदुका पुरत नव्हत्या. तिला डॉक्टरचा दाखला लागत होता, वकिलाची सही लागत होती, वृत्तपत्राचं मौन लागत होतं.

मात्र आपलं काम चोख करणारे पलीकडेही होते. पार्कला जिथे मारलं, ती नामयोंग-डोंगची पोलीस चौकशीची इमारत किम सू-गुन या कोरियातल्या नामवंत वास्तुविशारदाची. पाचव्या मजल्यावरच्या खिडक्या इतक्या अरुंद, की त्यातून माणूस बाहेर पडू शकणार नाही. मागच्या दारापासून थेट त्या मजल्यावर जाणारा गोल जिना, म्हणजे डोळे बांधलेल्या माणसाला आपण किती वर आलो हे कळू नये. हे सगळं कुणीतरी शांतपणे, बुद्धी वापरून कागदावर आखलं होतं. मला त्या खिडक्यांचा जितका संताप येतो, तितका मारणाऱ्या हवालदारांचाही येत नाही.

यॉनही या तरुणीचं पात्र मला खटकलं. ती काल्पनिक आहे. किम ते-री यांनी ते जीव ओतून केलं आहे, पण चित्रपटातली ती एकमेव ठळक स्त्री, आणि तिलाही लढ्यात ओढतात ते मामा आणि आवडता मुलगा. त्या वर्षी रस्त्यावर स्वतःच्या निश्चयानं उतरलेल्या असंख्य बायका होत्या, त्यांना इथे जागा मिळायला हवी होती.

यॉन्से विद्यापीठाचा ली हान-योल ९ जूनला अश्रुधुराचं नळकांडं डोक्यात लागून कोसळतो, शहर रस्त्यावर उतरतं आणि चित्रपट त्या गर्दीत संपतो. मला त्या वर्षीच्या डिसेंबरची निवडणूकही हवी होती. राष्ट्राध्यक्ष थेट निवडण्याचा हक्क लोकांनी मिळवला खरा, पण विरोधी पक्षांचे दोन किम, यॉन्ग-सॅम आणि दे-जुंग, वेगवेगळे लढले. मतं फुटली आणि छुन यांचेच लष्करी साथीदार रो ते-वू निवडून आले. दोन्ही किम पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, पहिले १९९२ ची निवडणूक जिंकून आणि दुसरे १९९७ ची.