मूठ तुटली तर वेल्डिंग नको!

मित्रहो, शीर्षक वाचून मेकॅनिकलवाले खवळतील. आधी पूर्ण वाचा, मग मेसमध्ये भांडू!

आपल्या वर्धा जिल्ह्यात जुन्या मालगुजारांच्या वाड्यांत अजूनही दसऱ्याला एखादी तलवार बाहेर निघते. हळदकुंकू, झेंडूचं फूल, की परत माळ्यावर. कधी लक्षात येतं की मूठ हलते आहे, किंवा बोटांवरची कमान तुटली आहे. मग ठरलेले सल्ले सुरू होतात. "काही नाही भाऊ, वेल्डिंगचा एक टाका मारून घे ना!" "एम-सील भर, होऊन जाते." आणि जाता जाता, "बफिंग करून चकाचक करून आण." माझ्या मते हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि तेही इंजिनिअरिंगच्याच हिशेबाने.

आपल्याकडच्या तलवारीची मूठ आतून पोकळ असते. पात्याचं मागचं निमुळतं टोक त्या पोकळीत घालून भोवती गरम लाख भरत. लाख साधारण ७५ अंशांच्या आसपास, म्हणजे पाणी उकळण्याच्याही आधी मऊ होते. म्हणून शिकलगार मूठ हलकेच तापवून पातं बाहेर काढू शकत असे. तो आधी पातं वेगळं करी, मग मुठीचं काम करी आणि पुन्हा लाख भरी. पात्याच्या पाण्याला, म्हणजे आपल्या भाषेत टेंपरिंगला, धक्काही लागत नसे. आर्क वेल्डिंगमध्ये मात्र पोलाद दीड हजार अंशांच्या घरात वितळतं आणि दोनतीनशे अंशांनाच टेंपर उतरायला लागतो! एम-सील किंवा अॅरल्डाइट एकदा बसलं की पातं सुखासुखी बाहेर येत नाही. पुढच्या माणसाचा रस्ताच बंद.

बफिंगचा तोटा समजायला रघुजीराजांची तलवार आठवा. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी. आपला जिल्हा १८६२ पर्यंत नागपूरचाच भाग होता, तेव्हा ते आपलेही. त्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ती कुणाची हे कळलं कशावरून? पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, सोन्यात कोरलेल्या देवनागरी अक्षरांवरून. मधल्या काळात एखाद्या उत्साही मालकाने तिथे बफिंगचं चाक फिरवलं असतं तर?

कुणी म्हणेल, त्या तलवारीचं पातं युरोपी आणि मूठ इथली, म्हणजे मूठ बदलण्याची पद्धत जुनीच. अगदी बरोबर! जावा बेटावरच्या क्रिसचंही तसंच आहे. तिची मूठ वेगळी बनवतात, पात्याच्या टोकाला कापड गुंडाळून घट्ट बसवतात आणि गरज पडली की बदलतात. इंडोनेशियाच्या या क्रिसला २००५ मध्ये युनेस्कोनेही मान दिला. पण दोन्हीकडे जोड उघडता येईल असाच ठेवला होता. आपण वेल्डिंग करतो तेव्हा नेमकी तीच सोय मारून टाकतो. तुटलेली मूठ बदलायची तर खुशाल बदला, पण जुनी फेकू नका. तिचे तुकडे चिंधीत बांधून तलवारीसोबतच ठेवा.

"गांधीजींच्या जिल्ह्यात तलवारीचं कौतुक?" असंही कुणी विचारेल. कौतुक हत्याराचं नाही, कारागिराच्या अकलेचं आहे. खेड्यातली कारागिरी टिकावी म्हणूनच तर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि आपल्या मगनवाडीतून चालला. आज शिकलगार म्हटलं की आपल्याला फक्त सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा आठवतो. त्याच्या हातातलं लाखेचं ज्ञान कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

म्हणून वर्कशॉपच्या सरांना एक विनंती. फर्स्ट इयरला आम्ही घासघासून जो जॉब बनवतो तो शेवटी भंगारातच जातो. त्यातलं एक प्रॅक्टिकल लाखेच्या जोडाचं ठेवा. एखाद्या शिकलगार काकांना बोलवा आणि त्यांना रीतसर मानधन द्या. जोडायचं कसं हे आम्ही चार वर्षं शिकतो. पुढच्याला उघडता येईल असं जोडायचं कसं, हे त्यांच्याकडून शिकू.

तोवर घरची मूठ हलत असेल तर हलू द्या. पातं निसटणार नाही असं कापडात बांधून ठेवा, आणि वेल्डिंगच्या दुकानाकडे जाणाऱ्या काकांना दारातच अडवा!